जाळी बारीक केली की उत्तर का बदलते?

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी काँक्रीटच्या तुळईतील तड्याचे संगणकीय विश्लेषण करत आहे. फायनाइट एलिमेंटची जाळी (गणितासाठी तुळईचे पाडलेले छोटे घटक) बारीक करत नेली की तुळई अधिकाधिक ठिसूळ ठरते. त्यापेक्षा खडी आणि सिमेंटच्या पातळीवरूनच सबंध धरणाचे गणित मांडले, तर खरे उत्तर मिळेल का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : कमाल ताणानंतर काँक्रीटची ताकद घटत जाते असे तुम्ही गृहीत धरले असणार. तसे असल्यास सारी विकृती (ताणामुळे पदार्थाचे होणारे सापेक्ष लांबणे) घटकांच्या एकाच ओळीत साचते. ती ओळ जितकी अरुंद, तितकी तडा पडण्यास लागणारी ऊर्जा कमी, आणि शेवटी ती शून्याकडे झुकते. तुळई अशी फुकटात मोडत नाही. संशोधक हिलरबोर्ग व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आणि बाझांत व ओ यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या मार्गांचा गाभा असा, की तड्याच्या दर चौरस मीटरला लागणारी ऊर्जा, म्हणजेच भंगऊर्जा (साध्या काँक्रीटसाठी सुमारे १०० जूल) कायम धरावी. बाझांत-ओ पद्धतीत त्यासाठी ताण-विकृतीच्या आलेखाचा उतार घटकाच्या रुंदीनुसार बदलतात.

आता धरणाकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला जेथे तडे गेले, तो मागील (जलाशयाच्या विरुद्ध) बाजूचा उतार बदलतो त्या उंचीचा भाग जगभरच्या अभ्यासकांना कसोटीचे उदाहरण म्हणून परिचित आहे. धरणाची उंची १०३ मीटर. आणि एका घनमीटरमध्येच मिलिमीटरभर बाजूचे १०० कोटी घटक मावतात, म्हणून सबंध धरणाचे असे गणित आवाक्याबाहेर जाते. एवढे करूनही खडीभोवतीचा, काही दहा मायक्रोमीटर जाडीचा दुबळा थर त्यांत दिसत नाही. तो शून्य जाडीचा सांधा म्हणून वेगळा मांडावा लागतो.

म्हणून लहान नमुन्यावरून सरासरी गुणधर्म काढून ते मोठ्या प्रारूपाला देतात. तडा पडेपर्यंत हे चालते. त्यानंतर विकृती एका पट्ट्यात एकवटते आणि 'प्रातिनिधिक' नमुना असा उरतच नाही, कारण नमुन्याचा आकार बदलला की सरासरीही बदलते. तेव्हा तड्याच्या टोकाभोवतीच सूक्ष्म प्रारूप ठेवून ते टोकासोबत पुढे सरकवणे हाच मला व्यवहार्य मार्ग वाटतो. सूक्ष्म प्रारूपाला मात्र अधिक माहिती लागते, आणि सांध्याची ताकद प्रयोगशाळेत थेट मोजणे अवघड असते. शिवाय कोयनेचे बांधकाम मोठ्या दगडांच्या रबल काँक्रीटचे असल्याने १५० मिलिमीटरच्या घनावरची चाचणी तेथे अपुरी पडते.

तुमच्या तुळईसाठी एवढे पुरे : भंगऊर्जा स्थिर ठेवून तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर गणित करा आणि केवळ कमाल भार न पाहता त्यानंतरचा उतरता भार-विक्षेप (भार आणि तुळईचा बाक यांचा) आलेखही जुळतो का, ते तपासा.