काम चांगलं असूनही मोठ्या कंपनीत प्रमोशन का अडतं?

बहुतेक मोठ्या कंपन्यांत हा निर्णय तुमचा मॅनेजर एकटा घेत नाही. अप्रेझलचं पत्र हातात पडण्याच्या कितीतरी आधी सगळे मॅनेजर एकत्र बसून नावांची तुलना करतात. तिथे तुमच्या नावावर बाकीचे गप्प राहिले, तर मॅनेजरचा एकट्याचा आग्रह सहसा तोकडा पडतो. म्हणून किमान दोन दुसऱ्या टीमच्या प्रमुखांना तुमचं काम प्रत्यक्ष माहीत हवं. दोन विभागांना जोडणारा एखादा प्रकल्प घेतला की ते आपोआप होतं.

अप्रेझलच्या सहा महिने आधी मॅनेजरला थेट विचारा: वरच्या पदाचे लेखी निकष काय आहेत, त्यातलं माझ्यात काय कमी आहे, आणि यंदा जागा व बजेट आहे का? तिसरा भाग लोक संकोचाने टाळतात, आणि घोडं बरेचदा तिथेच अडलेलं असतं.

दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून केलेल्या कामाची नोंद ठेवा, आकड्यांसकट. ‘रिपोर्ट सुधारला’ यापेक्षा ‘दोन दिवसांचा रिपोर्ट तीन तासांत होतो’ हे मॅनेजरला बैठकीत जसंच्या तसं वापरता येतं.

अप्रेझलच्या तोंडावर टीम मात्र बदलू नका. नव्या मॅनेजरकडे तुमच्या बाजूने बोलायला काहीच नसतं.