युरोपात गेलिक फुटबॉल सुरू करतोयस? मग हे वाच

हा आयर्लंडचा खेळ, चेंडू हातानेही आणि पायानेही खेळायचा. आधी भीती काढून टाक. क्लबात यायला आयरिश असावं लागत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनीत तर बहुतेक खेळाडू स्थानिकच आहेत.

आयर्लंडमध्ये संघ १५ जणांचा आणि मैदान १३० मीटरहून लांब. इकडे तेवढं मैदान कोण देणार? आपण रग्बीवाल्यांचं छोटं मैदान भाड्याने घेतो, गोलचे एच आकाराचे खांब आयते मिळतात. म्हणून ११ किंवा ९ जणच खेळतात. स्पर्धा एकाच शनिवारी उरकते: छोटे छोटे तीन-चार सामने, मध्ये केळी आणि सावली. पहिल्याच सामन्यात जीव काढू नकोस, तिसऱ्यात पाय उचलत नाहीत. माझं झालंय ते.

खरा घाम सोलोवर गाळ, म्हणजे पळता पळता चेंडू पायावर सोडून परत हातात घेण्यावर. चेंडू हातात घेऊन चार पावलांहून जास्त जाता येत नाही. मग त्याचा टप्पा मारायचा किंवा सोलो करायचा. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. चेंडू पायाच्या बोटांवर सोड आणि चवडा अंगाकडे ओढ, म्हणजे तो उलटा फिरत हातात येतो. घरी भिंतीजवळ रोज दहा मिनिटं कर, आधी उजव्या पायाने, मग डाव्या.

धावफलकावर १-१२ दिसलं तर गोंधळू नकोस: एक गोल म्हणजे ३ गुण, वर १२ सुटे गुण, एकूण १५.

दात वाचवणारा माउथगार्ड सक्तीचा आहे, स्वतःचा आण. बूट कुणीतरी उसने देतंच.