छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपसाठी नवीन मशीन लोनवर घ्यावं का साठवलेल्या पैशातून रोख?

तुमचा प्रश्न मला असा कळला, विट्याजवळ वर्कशॉप आहे, दोन वेल्डर आहेत, सात लाख साठलेत, सीएनसी प्लाझ्मा कटिंगचं (कॉम्प्युटरच्या ड्रॉइंगवरनं लोखंडी प्लेट कापणारं) मशीन ९ लाख अधिक जीएसटीला मिळतंय, आणि घरचे म्हणतायत कर्ज नको, जुनं बघ आणि रोख घे. मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, त्याआधी सांगलीत कोल्हापूर रोडला होतो. रोख पण घेऊन झालंय आणि लोनवर पण. माझं म्हणणं एवढंच, दादा, ते सातच्या सात लाख मशीनमध्ये घालू नका.

मी २०१३ ला तेच केलं होतं. साडेचार लाखाचं जुनं शिअरिंग मशीन (पत्रा कापायचं), होते नव्हते ते सगळे पैसे मोजून दिले, कर्ज नाही म्हणून घरी सगळे खूश, वडिलांनी नारळ फोडला. डिसेंबरात तासगावकडनं बेदाणा शेडची तीन कामं आली. आता तुम्हाला माहीतच असेल, द्राक्षवाला शेतकरी ॲडव्हान्स थोडा देतो आणि राहिलेले बेदाणा सौद्यात विकला की देतो, त्यात त्याची काही चूक नाही, त्याच्या हातात पैसाच तेव्हा येतो. पण स्टीलवाला तोपर्यंत थांबत नाही ना. पाच टन अँगल-पाइप लागणार होते आणि माझ्या खात्यात अकरा हजार. शेवटी महिना दोन टक्क्यानं उधारीवर माल उचलला, तिसरं काम सोडून दिलं. मशीनवर ताडपत्री टाकलेली आणि मी मालाच्या पैशासाठी दारोदार फिरतोय, ते दिवस मी विसरलेलो नाही. आजच्या भावानं तेवढा माल तीन लाखाच्या घरात जातो.

आता तुमचा हिशोब. ९ लाखावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ६२ हजार, एकूण १० लाख ६२ हजार. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट परत मिळतं हे खरं, पण तुमच्या विक्रीवर जसा टॅक्स लागेल तसं हळूहळू वळतं होतं, तोपर्यंत ते पैसे अडकलेच. आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक दरानं जीएसटी भरायची योजना) असाल तर क्रेडिट मिळतच नाही, हे आधी सीएला विचारा. मी असतो तर ७ लाख लोन काढलं असतं, ३ लाख ६२ हजार स्वतःचे घातले असते, आणि हातात ३ लाख ३८ हजार ठेवले असते. ११ टक्के रिड्युसिंगनं (म्हणजे राहिलेल्या मुद्दलावरच व्याज) पाच वर्षांचा हप्ता साधारण १५,२२० येतो, पाच वर्षांत व्याज जातं २ लाख १३ हजार. घरच्यांना हा आकडा मोठा वाटणार, मलाही वाटला होता. पण स्टीलवाल्याच्या दोन टक्क्यानं तीन लाखाला महिन्याला सहा हजार जातात, आणि रोख दिले तर तोच माणूस भाव कमी करतो. शिवाय व्याज धंद्याच्या खर्चात धरता येतं.

पण हप्ता झेपतो का हे चांगल्या महिन्यावर ठरवू नका. मागच्या बारा महिन्यांची बिलबुकं काढून बसा आणि बाहेर कटिंगला किती पैसे दिले ते महिन्यावार लिहा. जून जुलै ऑगस्ट बघा, बांधकामं थंड असतात, गेट-ग्रिलची कामं नसतात, आपल्याकडं दिवाळीच्या आधी हंगामामुळं ऊसाच्या ट्रॉल्या आणि मग शेडची कामं असं चक्र असतं. त्या तीन महिन्यांत बाहेरचं कटिंग पाच हजाराचं सुद्धा होत नसेल आणि वर्षाची सरासरी महिना आठ-नऊ हजारच येत असेल, तर आत्ता मशीनच घेऊ नका, ना लोनवर ना रोख, बाहेरनंच कापून आणा. सरासरी वीस हजाराच्या वर असेल तर बिनधास्त घ्या. पावसाळ्याचे तीन हप्ते मात्र आधीच बाजूला काढून ठेवायचे.

जुनं घ्यायचं म्हणताय त्यावर. लोखंड जुनं चालतं. शिअरिंग, ड्रिल, पॉवर प्रेस, लेथ, बॉडी भक्कम असली की वीस वर्षं जुनं पण रोख घ्या, मीही घेतलंय. पण कंट्रोलर आणि पॉवर सोर्स असलेलं मशीन जुनं घेऊ नका, कार्ड गेलं तर पार्टच मिळत नाही आणि बँक जुन्या मशीनवर सहसा लोन देत नाही. बघायला गेलात तर टॉर्च उघडून इलेक्ट्रोड बघा, तांब्याच्या टोकात हाफ्नियमचा बारीक ठिपका असतो, त्याला खोल खड्डा पडलेला असेल आणि तरी तोच चालवत असतील तर मालकानं मशीन कसं वापरलंय ते तिथंच कळतं. हवेत पाणी येत असेल तर नोझल इलेक्ट्रोड पटापट जातात, म्हणून कंप्रेसरबरोबर एअर ड्रायरचे पैसे पण धरा, कोटेशनमध्ये ते बहुतेक नसतात. थ्री फेजचा लोड वाढवायला लागेल तो खर्च वेगळा.

एक गोष्ट मला २०१९ नं शिकवली. प्लाझ्मा मी २०१८ ला लोनवर घेतला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टात पूर आला, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, आमच्या शेडमध्ये कितीतरी दिवस पाणी होतं. प्लाझ्माचा विमा होता कारण बँकेनं सक्तीनं काढायला लावला होता, शिअरिंग रोखीचं, त्याला कुणी सक्ती केली नाही आणि मीही काढला नाही. मोटर, वायरिंग, पॅनेल सगळं खिशातनं. विम्याचे पैसे यायला सात महिने लागले, तोवर पोरांचे पगार आणि हप्ते हातात ठेवलेल्या पैशातनं दिले, ते नसते तर शटर ओढलं असतं. त्यामुळं कसंही घ्या, विमा काढा, पॉलिसीत पूर लिहिलाय का आणि पत्ता बरोबर आहे का ते स्वतः वाचा.

लोनचे कागद. डीलर "८ टक्के फ्लॅट" म्हणाला तर भुलू नका, त्यात शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज लागतं, पाच वर्षांचं ८ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगनं जवळजवळ १४ टक्के, तुमच्या ७ लाखावर हप्ता १६,३३३ होतो, म्हणजे महिन्याला अकराशे रुपये जास्त. की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या सगळ्या खर्चाचा एक कागद) मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जाला ते द्यावंच लागतं, त्यात एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर, असतो, दोन बँकांचे एपीआर शेजारी ठेवा. आधी फेडलं तर चार्ज किती तेही लेखी घ्या. घर तारण मागितलं तर सीजीटीएमएसईत (छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणारी सरकारी योजना) बसवा म्हणा, फी लागते पण घर मोकळं राहतं. मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना बघा, फक्त त्यांचं पात्रता पत्र लोनच्या आधी काढायचं, मागनं नाही. पीएमईजीपीच्या (केंद्राची सबसिडीची कर्ज योजना) मागं पळू नका, ती मुख्यतः नवीन धंदा काढणाऱ्यांना आहे, तुमचं वर्कशॉप चालू आहे.

आणि घसारा (मशीनच्या झिजेपोटी इन्कम टॅक्समध्ये मिळणारी वजावट) लोनवर घेतल्यानं जास्त मिळतो असं कुणीतरी सांगेल, तसं काही नाही, १५ टक्के दोन्हीकडं सारखाच, फक्त घेतलं त्या एप्रिल ते मार्चच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा मिळतो, म्हणून ऑक्टोबर उजाडायच्या आत मशीन चालू करा.

बिलबुकांचे बारा आकडे इथं खाली टाका, मी बघून सांगतो. आणि डीलरच्या शोरूममध्ये डेमो बघून ठरवू नका, कुणाकडं तरी सहा एमएमची प्लेट दिवसभर कापताना बघा, संध्याकाळी कडेला मळी (वितळून चिकटलेलं लोखंड) किती धरतीय आणि ती ग्राइंडरनं काढायला पोराला किती वेळ लागतोय तेवढं मोजा.