'पोस्टर्न ऑफ फेट' आवडलं नाही, दोष माझा की पुस्तकाचा?

पुस्तकाचा. अगाथा ख्रिस्तीच्या टॉमी-टपेन्स या हेर जोडप्याची आधीची चार पुस्तकं आवडली आणि पाचवं रटाळ वाटलं, यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "कदाचित मलाच समजलं नसेल" असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. "तुला समजलं नाही" हे वाक्य मी माझ्या ताईकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, तेही याच पुस्तकावरून.

ख्रिस्तीबाईंचे दुसरे गुप्तहेर, पॉयरो आणि मिस मार्पल, आमच्या घरात सगळ्यांचेच लाडके. टॉमी-टपेन्स मात्र आम्हा दोघा भावंडांचे. त्यांचं वय वाढतं ना! १९२२ मध्ये खिशात दमडी नसलेली पोरं, १९४१ च्या 'एन ऑर एम?'मध्ये मोठ्या मुलांचे आईबाप, १९६८ मध्ये केस पिकलेलं जोडपं. त्या १९६८ च्या पुस्तकाची अर्पणपत्रिकाच "त्या दोघांचं पुढे काय झालं?" असं पत्रातून विचारणाऱ्या वाचकांसाठी आहे. त्या वाचकांत आम्हीही बसतो. म्हणून १९७३ चं 'पोस्टर्न ऑफ फेट' वाचनालयातून मिळालं तेव्हा आधी कोणी वाचायचं यावरून भांडण झालं आणि शेवटी मी मोठ्यानं वाचायचं ठरलं.

सुरुवात काय आहे! नवं घर, आधीच्या मालकांनी मागे ठेवलेली मुलांची पुस्तकं. त्यातल्या 'द ब्लॅक अ‍ॅरो'मध्ये काही अक्षरांखाली शाईच्या रेघा. टपेन्स ती अक्षरं जुळवते आणि वाक्य तयार होतं: मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, हे आपल्यापैकीच कोणीतरी केलंय. आम्ही दोघंही ताठ होऊन बसलो.

आणि मग गप्पा. नुसत्या गप्पा. म्हातारा माळी बोलतो, गावातल्या बायका बोलतात, निवृत्त अधिकारी बोलतात, कुत्र्याच्या फिरण्यावर चर्चा होते, आधी बोलून झालेलं पुन्हा नव्यानं निघतं. पालकाच्या भाजीत फॉक्सग्लोव्हची विषारी पानं मिसळली गेली, हा इतका झकास धागा, पण त्याचा पाठपुरावाच नीट होत नाही. मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं कोणाला काय कळलं ते टिपत गेलो आणि अर्ध्यावर सोडून दिलं, कारण टिपण्यासारखं काही येईना. ताईनं पुस्तक हातातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुला फक्त खून हवेत."

तिचा मुद्दा असा, की हे आठवणींचं पुस्तक आहे. ते खरंही आहे. इंग्लंडमधल्या टॉर्की गावातल्या ज्या 'अ‍ॅशफील्ड' घरात ख्रिस्तीबाई वाढल्या, तिथं 'केके' नावाचं काचघर होतं. क्रोकेच्या काठ्या, मोडक्या खुर्च्या, टेनिसचं कुजलेलं जाळं आणि मटिल्ड नावाचा डुलणारा लाकडी घोडा, असं सगळं त्यात कोंबलेलं. हे त्यांच्या १९७७ साली आलेल्या आत्मचरित्रात आहे. कादंबरीतही 'केके' आहे, मटिल्ड आहे आणि टपेन्स तिच्या पोटात हात घालून जुने कागद शोधते. तो प्रसंग मलाही फार आवडतो. पण म्हणून कादंबरी उभी राहते का? आठवणी हव्या असतील तर आत्मचरित्र वाचा, ते अप्रतिम आहे. मुखपृष्ठावर रहस्यकथा म्हणायचं आणि उकल धुक्यात सोडायची, हे मला मान्य नाही. लेखिका कितीही मोठी असो, पुस्तक वाईट असेल तर वाईट म्हणावं. मोठेपणाला धक्का लागेल म्हणून गप्प बसणं म्हणजे आधीच्या उत्तम पुस्तकांचाच अपमान.

एक सांगायला हवं. प्रकाशनाच्या वेळी बाई ८३ वर्षांच्या होत्या. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्या कादंबऱ्यांची शब्दसंपदा तपासली, तेव्हा शेवटच्या काळात ती बरीच आटलेली आढळली. स्मृतिभ्रंश असावा असा त्यांचा तर्क होता, निदान मात्र कधी झालेलं नव्हतं. त्यामुळे माझा राग बाईंवर नाही. हस्तलिखित वाचून "हे असं नको छापूया" म्हणू शकणाऱ्यांवर आहे.

उशिराची सगळीच पुस्तकं सोडू नका. पॉयरोचं 'कर्टन' १९७५ मध्ये आलं, पण ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून जपून ठेवलेलं होतं, आणि ते जबरदस्त आहे. तेव्हा प्रकाशनाचं साल बघू नका, कधी लिहिलं ते बघा. टॉमी-टपेन्सच्या बाबतीत १९६८ ला थांबलात तरी चालेल.

आणि पुन्हा कोणी तुम्हाला "समजलं नाही" म्हणालं, तर त्यांना पुस्तक न उघडता विचारा, मेरी जॉर्डनला मारलं कोणी आणि टपेन्सला ते कळलं कशावरून? माझ्या ताईनं याचं उत्तर अजून दिलेलं नाही.