विंडोज १० चा सपोर्ट संपला, पण दुकानातला कॉम्प्युटर छान चालतोय. बदलायलाच हवा का?

तुमचा कॉम्प्युटर २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री. बिलं आणि जीएसटी त्यावरच, अँटिव्हायरसही भरलेला आहे. मग माझं अडतं कुठे, असं तुम्ही विचारलंय. दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा पंधरा वर्षांचा धंदा आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: बदला.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मशीन बंद पडलं नाही, पडणारही नाही. बंद झालं ते विंडोज १० मधली सुरक्षेची भोकं बुजवणं. आणि नवी भोकं तर सापडतच राहणार. विंडोज १० आणि नव्या विंडोज ११ चा बराचसा गाभा एकच आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ साठी दुरुस्ती काढते. हल्ले करणारे ती डाउनलोड करतात, जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवतात आणि काय बदललं ते शोधतात. जिथे बदललं तिथे भोक होतं. म्हणजे ११ वाल्यांची दुरुस्ती झाली आणि तुमच्या भोकाचा पत्ताही लागला. अँटिव्हायरस आत शिरलेलं काही ओळखीचं असेल तर पकडेल, भोक बुजवणं त्याच्या हातात नाही.

२०१७ साली हेच झालं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. सर्वात जास्त सापडले ते विंडोज ७ वाले, ज्यांना दुरुस्ती मिळाली होती पण त्यांनी ती घेतली नव्हती. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला, त्यामुळे एक्सपीवाल्यांसाठी ती दुरुस्ती खुली झाली हल्ल्यानंतर. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणारा नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम अडलं.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. मार्केट यार्डातले एक अडते, विंडोज ७, साल २०२१. सकाळी फोन आला, "टॅली उघडत नाहीये." जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. मी बॅकअप विचारला. त्यांनी सीपीयूकडे बोट दाखवलं. लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू अजून त्यावर होतं आणि मागे पेन ड्राइव्ह लावलेला, बारा महिने तिथेच. तोही लॉक झाला होता. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या कार्बन कॉप्या होत्या म्हणून निभावलं. त्यांची सून आणि मुनीम दोन महिने रात्री बसून नोंदी करत होते.

तुमचा प्रोसेसर, म्हणजे तो आय-थ्री, विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही. इंटरनेटवर आडवाटेने ११ टाकायच्या युक्त्या मिळतील, धंद्याच्या मशीनवर त्या करू नका. घरगुती कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आहे. धंद्यासाठीची मुदतवाढ वेगळी, विकत घ्यावी लागते, दरवर्षी महागते आणि तीन वर्षांच्या पुढे जात नाही. त्यापेक्षा तो पैसा मशीनमध्ये घाला. सेकंडहँड चालेल, पण इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा पुढची हवी. आणि घेण्याआधी मशीन चालू करून, विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून उघडणाऱ्या रनच्या चौकटीत tpm.msc टाकून, टीपीएमची (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) आवृत्ती २.० दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जुनं मशीन वजनकाट्याला किंवा लेबल प्रिंटरला लागत असेल तर ठेवा, फक्त इंटरनेटची वायर काढा आणि वायफाय बंद करा. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरशीही ते जोडलेलं नको, कारण वॉनाक्राय एका मशीनवरून दुसऱ्यावर असाच उड्या मारत गेला.

हे सगळं व्हायला महिना जाईल. तोवर एक करा: आज दुकान बंद करताना बॅकअप घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून घरी न्या.