शाळेचं काय विचारायचंय? वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं

या खेपेला पत्रं कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपच जास्त आलं, त्यात दोन ऑडिओ मेसेज इतके लांब होते की ऐकता ऐकता चहा थंड झाला. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : आम्ही नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. दिवाळी झाली की गाडी येती. मोठी पोरगी तिसरीत हाय, धाकटं दीड वर्षाचं. सासूबाई म्हणतात पोरीला माझ्याजवळ ठेव, मालक, म्हणजे पोरीचे वडील, म्हणतात मग बारक्याला कोण सांभाळणार, तिला घेऊनच चल. काय करावं?
*– एक आई, ता. वडवणी, जि. बीड*

उत्तर : ताई, पोरीला ठेवा. तुमचे मालक म्हणतात त्यात खोटं काहीच नाही, फडात दीड वर्षाचं लेकरू मोकळं सोडता येत नाही, पण पोरगी नेली म्हणजे ती सहा महिने कोपीवर (तिथल्या झोपडीत) बारक्याला कडेवर घेऊन बसणार आणि परत येईस्तोवर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असणार. तिसरीचं वर्ष लै नाजूक असतं बगा. दिवाळीच्या टायमाला लेकरू जोडाक्षर बोट ठेवून वाचतं, ‘सूर्य’ वाचताना आधी ‘सू’ म्हणतं मग वरच्या रफाराकडं बघत थांबतं, सरांच्या तोंडाकडं बघतं, आणि मग एकदम म्हणतं. हे थांबणं रोज वाचलं तर जानेवारीपर्यंत सुटतं. मधेच शाळा तुटली तर मग चौथीत गेल्यावर लेकरू वाचायचंच टाळतं, मागच्या बाकावर सरकतं, आणि आपण म्हणतो हिला डोकंच नाही.

आता सासूबाईंवर दोन टायमाच्या भाकरीचं ओझं पडेल म्हणून काळजी असेल तर हंगामी वसतिगृहाचं विचारा. नावाला वसतिगृह, पण बऱ्याच गावांत लेकरं रात्री आज्जीपाशीच झोपतात, फक्त सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेकडून असतं आणि दुपारी खिचडी असतीच. मात्र ते आपोआप सुरू होत नाही. कोणती लेकरं मागं राहणार त्याची यादी होते, शाळेकडून प्रस्ताव पंचायत समितीत जातो, आणि यादीत नाव नसलं की मग पुढं रडून उपयोग नसतो. म्हणून गाडी यायची वाट बघू नका, दसऱ्यालाच हेडमास्तरांकडं जाऊन नाव लिहून घ्या.

आणि समजा न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. ते कार्ड तिकडच्या जवळच्या शाळेत दाखवलं की लेकराला वर्गात बसवावं लागतं, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. इथलं नाव पण कमी होत नाही, कुणी म्हणलं तर म्हणू द्या, आठवी होईस्तोवर लेकराला शाळेतून काढता येत नाही असा २००९ चा कायदाच आहे. बारक्याचं म्हणाल तर टोळीत एखादी म्हातारी संगं असती का ते टोळीच्या मुकादमाला आत्ताच विचारा, उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या आधी विचारलं तर तो ऐकतो, नंतर नाही.

प्रश्न : पोरगा म्हणतो खिचडी पाण्यासारखी असती, डाळ दिसतच नाही. एका लेकराला किती द्यायला पाहिजे असा काही नियम आहे का? आणि विचारलं तर सर राग धरतील का?
*– ता. जिंतूर, जि. परभणी*

उत्तर : नियम आहे. पहिली ते पाचवीच्या एका लेकराला रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या शाळेत ४० लेकरं हजर असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी पडायला पाहिजे. ८०० ग्रॅम डाळ पातेल्यात पडली की ती दिसतीच, दिसत नसेल तर कुठंतरी अडलंय. लेकरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि तशी नोंद वहीत करायची हा पण नियमच आहे, ती वही मागून बघा.

आता रागाचं. तुम्ही डायरेक्ट ‘डाळ कुठं जाती’ म्हणून गेलात तर राग येणारच, कुणालाही येईल. त्यापेक्षा एखाद्या साध्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जा, लेकरांच्या पंगतीला बसा, एक ताट घ्या. मला विचाराल तर शाळेत जायची हीच वेळ खरी, पंधरा ऑगस्टला तर सगळं धुतलेलं-पुसलेलंच असतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी पण बोला, त्यांना मानधन तुटपुंजं मिळतं आणि तेही वेळेवर येईलच असं नाही, कधी कधी सामानच आलेलं नसतं आणि बिचाऱ्या घरची हळद-मीठ आणून भागवायलेल्या असतात. शाळेतल्या जेवणाची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तवा शिजवून नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, तेही हजेरी ८० टक्के भरली तर. पोरं तांदळाची पिशवी डोक्यावर घेऊन घरी निघाली की रस्ताभर दाणे सांडायचे आणि मागं कोंबड्या. आताचं ताट त्याच्यापेक्षा कधीही चांगलं, पण म्हणून पाणी खपवून घ्यायचं नाही.

प्रश्न : आमच्या वस्तीवरच्या शाळेत चार वर्ग आणि दोनच शिक्षक. एक सर मीटिंगला गेले की सगळी पोरं एकाच खोलीत. पिवळी गाडी इंग्लिश मीडियमची दारात येती. मिस्टर म्हणतात तिकडंच टाकू. तुम्ही काय म्हणता?
*– ता. अंबड, जि. जालना*

उत्तर : ६० पर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक मिळतात, कायद्याचं गणितच तसं आहे, तेव्हा दोन शिक्षक म्हणजे शाळा वाईट असं समजू नका. एका खोलीत दोन वर्ग बसवून शिकवायची एक रीत असती. पहिलीची लेकरं खाली बसून चिंचोके मोजतात, दुसरीची फळ्यावरची गणितं सोडवतात, बाई दोघांच्या मधे, आणि दुसरीतली एखादी हुशार पोरगी पहिलीच्या लेकराचा हात धरून ‘क’ गिरवून घेते. चांगल्या शिक्षकाच्या हातात हे छान चालतं. वाईट शिक्षकाच्या हातात नुसतं ‘पाढे लिहा’ चालतं. तुमच्या शाळेत काय चालतं ते तुम्हीच खिडकीतून अर्धा तास बघितलं की कळेल.

मीटिंग, ट्रेनिंग, मतदार यादी ह्याच्यात सर अडकतात हे मात्र खरंय आणि ह्याचं समर्थन मी करणार नाही. पण पिवळ्या गाडीतल्या शाळेत तुमच्या लेकराला कोण शिकवणार, ते स्वतः किती शिकलेत, हे विचारलं का? टाय-बूट बघून नका टाकू. दोन्हीकडं तिसरीच्या लेकराला पुस्तक द्या आणि न शिकवलेला धडा वाचायला सांगा. जिथं लेकरू वाचून त्याच्या शब्दात सांगतं तिथं घाला, मग ती शाळा कुणाची का असेना.

अजून एक, पुढं नवोदयचा (सरकारी निवासी शाळेचा) विचार असेल तर ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेतच पूर्ण झालेली लागती. तिथं कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण लेकरांच्या असतात. गाडी तालुक्याच्या शहरात जात असेल तर हा हिशोब आधी करा.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे पण मला एकाही मीटिंगला बोलवत नाहीत. पोरगं रजिस्टर घेऊन शेतात येतं, मी सही करते. हे बरोबर आहे का?
*– एक सदस्य, ता. कळंब, जि. धाराशिव*

उत्तर : नाही. समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत हा नियम तुमची सही मिळावी म्हणून नाही केलेला. पुढच्या वेळी पोराला म्हणा रजिस्टर ठेव, वाचून उद्या स्वतः घेऊन येते. एवढं केलं तरी निरोप यायला लागतील, सरांनाही कळतं की आता ही बाई वाचती. सही करायच्या आधी बघायचं ते एवढंच की ठराव कशाचा, पैसे किती आले, कशाला गेले.

प्रश्न : १५ ऑगस्ट झाला, मग १७ सप्टेंबरला परत झेंडा कशाला? पुण्यातल्या भाच्याला सुट्टी पण नव्हती आणि त्याला माहीत पण नव्हतं.
*– इयत्ता सातवीतला वाचक, ता. औसा, जि. लातूर*

उत्तर : शाब्बास, विचारलंस ते बरं झालं. १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, म्हणून त्या दिवशी आपल्याकडं परत झेंडा. पुणे त्या संस्थानात नव्हतं, म्हणून भाच्याला माहीत नाही, त्याची चूक नाही. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः शाळामास्तर होते, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. गावात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बस आणि रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांच्या) टायमाला रात्री कुठं लपत होते ते विचार. वहीत लिहून काढ आणि परिपाठात वाच, बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते पोरांना जास्त दिवस पुरेल.

प्रश्न : ग्यादरिंगला पोरींना कसल्याही गाण्यावर नाचवायलेत. गावानं काय करावं?
*– एक आजोबा, ता. हदगाव, जि. नांदेड*

उत्तर : आबा, गाणी ठरतात डिसेंबरात आणि तक्रार येते स्टेजसमोर बसल्यावर. आधी जाऊन सांगा. आणि तुम्ही बक्षीस पुकारता ना माईकवरून, पन्नास-शंभर रुपये? ते भारूड, गोंधळ, पोवाडा करणाऱ्या पोरांना जास्त पुकारा, पुढच्या वर्षी गाणी आपोआप बदलतील.

प्रश्न : मुलाचा जन्म श्रावणातला, शाळेत १ जून लागलाय. आता चौथीत आहे. बदलता येईल का?
*– ता. वसमत, जि. हिंगोली*

उत्तर : आपल्याकडं एका पिढीत निम्मं गाव १ जूनलाच जन्मलेलं आहे, गुरुजी घरोघर फिरून नाव घालायचे आणि तारीख कुणाला सांगता यायची नाही. पण तुमच्या पोराची नोंद ग्रामपंचायतीत असणार. जन्माचा दाखला काढा, अर्ज हेडमास्तरांकडं द्या, पोच घ्या, ते प्रस्ताव वर पाठवतील. मात्र हे लेकरू शाळेत असतानाच करायचं. शाळा चौथीपर्यंतच असेल तर मार्च यायच्या आत उरका, एकदा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) हातात पडली की तीच तारीख पुढच्या शाळेत, आधारवर आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर चिकटती आणि मग ऑफिसांच्या चकरा सुरू होतात. टीसी घेताना नावाची वेलांटी, उकार पण बघा, तिथंच खिडकीपाशी उभं राहून.