भावा, गिरमिटाआधी वखार गाठ

झाडाच्या खोडातली वलयं मोजून जुने पाऊस-दुष्काळ शोधायचेत म्हणून राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात जाऊन गिरमिटानं खोडाला भोक पाडायची घाई करू नकोस, भावा. एक तर ते अभयारण्य, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे तिथल्या जांभूळ-अंजनीसारख्या सदाहरित झाडांत वर्षावर्षाची वलयं स्पष्ट दिसतच नाहीत. आपल्याकडं भरवशाचा तो साग. उन्हाळ्यात पानं झडून वाढ थांबते, नव्या वाढीला मोठ्या छिद्रांची रांग उठते, ती भिंगानं सहज दिसते.

म्हणून आधी लाकडाच्या वखारीत जा. सागाची टाकाऊ चकती माग, ८० पासून ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपरनं घास आणि वलयं मोज. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा पाऊस मध्येच दडी मारल्यानं उठलेलं खोटं वलय वर्ष म्हणून धरलं होतं, पुढचा सगळा हिशेब एकानं सरकला! एका झाडावर विसंबू नये ते यासाठीच. रुंद-अरुंद वलयांचा क्रम अनेक झाडांत जुळवायचा, मगच साल लिहायचं.

आणि अरुंद वलय म्हणजे दुष्काळच, असं नाही. कीड, वणवा, शेजारच्या झाडाची सावली, काहीही असू शकतं. देवदाराच्या वलयांच्या शेकडो वर्षांच्या नोंदी हिमालयातल्या, त्या वाचताना इथला मॉन्सून त्यात शोधू नकोस.